वहीतल्या रेघेपासून विकल्या गेलेल्या नगापर्यंत: स्वतंत्र दागिने डिझायनरसाठी कामाचा क्रम

सुंदर रेखाटन करणारे पुष्कळ असतात. पण दागिना अंगावर चढतो, केसांत अडकतो, घामात भिजतो, त्याला वजन असतं आणि तो घडवायला लागलेल्या प्रत्येक तासाचे पैसे कुठून तरी यावे लागतात. रेघ काढतानाच ज्याला पत्र्याची जाडी, नगाचं वजन आणि घडणावळीचे तास दिसतात, तोच डिझायनर स्वतःच्या नावावर टिकतो. खालचा क्रम ही नजर तयार व्हावी म्हणूनच लावला आहे. पायऱ्या गाळल्या तर पुढे पैशाने भरपाई करावी लागते.

पायरी १: आधी धातूवर हात बसवा

पुढे सगळं काम कारागिराकडून करून घ्यायचं ठरवलं असलं तरी पहिले सहा महिने स्वतः घडणीच्या बाकावर बसाच, असा आमचा आग्रह आहे. कारागीर ‘हे जमणार नाही’ म्हणतो तेव्हा ते खरंच जमणार नाही की नुसतं किचकट आहे, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

सुरुवात तांब्याच्या पत्र्यावर करा. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. चांदीचा डाख, म्हणजे सोल्डर, त्याच्या कितीतरी खाली वाहतो. त्यामुळे ज्योत थोडी जास्त झाली तरी नग हातचा जात नाही. हात बसला की ९२५ चांदीकडे वळा. या चांदीत ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं असतं. ती साधारण ८०० अंशांना मऊ पडून वितळू लागते आणि ९०० च्या आसपास पूर्ण पातळ होते. शुद्ध चांदी मात्र ९६२ अंशांपर्यंत धीर धरते.

सुरुवातीचं सामान मोजकंच लागतं: करवतीची चौकट आणि २/० क्रमांकाची दोन-तीन डझन पाती, अर्धगोल कानस आणि बारीक कानशींचा संच, दोन-तीन प्रकारच्या पकडी, अंगठीचा निमुळता दांडा, लाकडी किंवा कातडी मोगरी, ज्योतीचा पंप, उष्णता झेलणारी वीट, चिमटे, टाकणखार (बोरॅक्स, डाख नीट वाहावा म्हणून), ४०० ते १२०० पर्यंतचे पॉलिश पेपर आणि ०.१ मिलिमीटर दाखवणारं कॅलिपर. एका ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा काटाही पहिल्या दिवसापासून हवा. पॉलिशचं मोठं यंत्र नंतर घ्या.

करवतीच्या पात्याचे साधारण दोन-तीन दात एका वेळी पत्र्याच्या जाडीत बसायला हवेत. २/० चं पातं ०.८ ते १ मिलिमीटर पत्र्याला म्हणूनच चालतं. दात मुठीकडे झुकलेले आणि बाहेर तोंड केलेले असावेत, कारण कापणं खाली येतानाच होतं. नवशिक्याची पाती भराभर तुटतात ती पुढे ढकलल्यामुळे. वळणावर पातं जागच्या जागी वरखाली चालू ठेवा आणि पत्रा सावकाश फिरवा.

ठोकताना, वाकवताना धातू कडक होत जातो. तो स्प्रिंगसारखा परत उसळू लागला की त्याला तापवून मऊ करायची वेळ आली असं समजा. ९२५ चांदी ६०० ते ६५० अंशांपर्यंत, म्हणजे अंधुक लालसर दिसेपर्यंत तापवतात. हा लालसरपणा उजेडात दिसत नाही, म्हणून ही जागा जरा अंधारी ठेवतात. भर उन्हाच्या खिडकीत काम करणारा नेमका जास्त तापवतो. काळ्या मार्करने रेघ मारून ठेवली तर ती उडून जाणं ही ढोबळ खूण मिळते. कडक धातू तसाच वाकवत राहिलात तर आधी केसाएवढी चीर पडते आणि ती पॉलिश झाल्यावर दिसते.

पायरी २: डाख लावणं नीट शिका

नवशिक्याचे निम्मे नग इथे बिघडतात, म्हणून इथे घाई नको.

डाख फट भरत नाही. दोन कडा एकमेकींना पूर्ण टेकलेल्या असल्या तरच तो मधून धावतो. सांधा उजेडासमोर धरा. प्रकाश आरपार दिसला तर पुन्हा कानस लावा. सांध्यावर हाताचं तेल किंवा काजळी असेल तर डाख गोळा होऊन तसाच बसतो. म्हणून घासणं, टाकणखार लावणं आणि मगच ज्योत, हा क्रम मोडू नका.

डाख नेहमी सर्वांत तापलेल्या जागेकडे पळतो. फक्त डाखाच्या तुकड्यावर ज्योत धरली तर तो वितळतो, पण धातू थंड असल्याने चिकटत नाही. संपूर्ण नग सारखा तापवा. जाड भागाला जास्त वेळ द्या आणि शेवटी ज्योत सांध्यापाशी आणा. बारीक तार जाड पत्र्याला जोडताना ज्योत पत्र्यावरच ठेवायची. तार आपोआप तापते, आणि सरळ तारेवर ज्योत आणली तर ती क्षणात गोळा होते.

एका नगात तीन-चार सांधे असतील तर पहिला सांधा कठीण डाखाने करा. तो साधारण ७४० ते ७८० अंशांना वाहतो. पुढचे मध्यम आणि शेवटचा सोप्या डाखाने, जो ७०० च्या जवळपास वाहतो. क्रम उलटा केला तर दुसऱ्या सांध्याच्या वेळी पहिला सुटतो. कॅडमियम असलेला डाख वापरू नका. त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते.

डाख लावून झाल्यावर नग सौम्य आम्लात टाकतात. सायट्रिक आम्लाचं कोमट द्रावणही पुरतं. लोखंडी चिमटा त्या द्रावणात बुडवू नका, नाहीतर चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो. तांब्याचा किंवा प्लॅस्टिकचा चिमटा ठेवा. बाहेर काढलेला नग खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा. कडीसारख्या पोकळ भागात राहिलेलं आम्ल महिनाभराने हिरवं होऊन बाहेर येतं.

पॉलिश केल्यावर चांदीवर करडे ढग दिसले तर ते आतल्या तांब्याचं गंजणं असतं. तापवण्याआधी नगावर बोरिक आम्ल आणि स्पिरिटचा लेप दिला तर हा त्रास बराच टळतो. स्पिरिटची बाटली मात्र ज्योतीपासून दूर आणि झाकण लावलेली असावी. आणखी एक सक्त सूचना: फिरत्या पॉलिश चाकावर मोकळी साखळी कधीही धरू नका. चाक ती ओढून घेतं आणि बोटं तिच्याबरोबर जातात.

पायरी ३: रेखाटनाचं मापात रूपांतर करा

प्रत्येक रेखाटन १:१ मापात, समोरून, बाजूने आणि मागून काढा. शेजारी जाडी, तारेचा व्यास, सांध्याची जागा आणि अंदाजे वजन लिहा. वजनाचं गणित सोपं आहे: घनफळ गुणिले घनता. ९२५ चांदीची घनता सुमारे १०.४ आणि १८ कॅरेट पिवळ्या सोन्याची सुमारे १५.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर.

समजा ३० मिलिमीटर व्यासाची चपटी गोल चकती कानात लटकवायची आहे. १ मिलिमीटर पत्र्यात तिचं वजन चांदीत साधारण ७.३ ग्रॅम होतं, तर १८ कॅरेट सोन्यात जवळपास ११. एका कानाला ८ ग्रॅमपुढे बहुतेकांना दिवसभर जड जातं. हाच आकार ०.६ मिलिमीटर पत्र्यात घेतला तर चांदीत ४.४ ग्रॅम. पण एवढा पातळ चपटा पत्रा सहज वाकतो, म्हणून त्याला हलका फुगवटा द्यायचा. फुगवट्याने पत्रा ताठ होतो. आकार, जाडी आणि फुगवटा यांचा निर्णय कागदावरच झाला पाहिजे.

अंगठीसाठी पट्टीची लांबी काढताना बोटाच्या व्यासात पत्र्याची जाडी मिळवून ३.१४ ने गुणतात. आतला व्यास १७ आणि जाडी १.५ मिलिमीटर असेल तर १८.५ गुणिले ३.१४, म्हणजे ५८.१ मिलिमीटर. जाडी विसरलात तर ५३.४ कापाल आणि अंगठी आतून १५.५ मिलिमीटरची होईल, म्हणजे कुणाच्या तरी करंगळीची. पट्टी रुंद, साधारण ६ मिलिमीटरच्या पुढची असेल तर ती बोटाला जास्त घट्ट बसते. अशी अंगठी अर्धा साइझ मोठी करा. बोटाचं माप संध्याकाळी घ्या, सकाळी गारठ्यात नको.

काही जाड्या पाठच असाव्यात. रोजच्या अंगठीची खालची पट्टी किमान १.५ मिलिमीटर. कानातली तार ०.८. लॉकेटचा पत्रा ०.८ ते १. लॉकेटच्या वरच्या कडीतून साखळीचं टोक हुकासकट जायला हवं, म्हणून आतला व्यास ४ ते ५ मिलिमीटर ठेवा. ही शेवटची गोष्ट इतक्या वेळा चुकते की ती रेखाटनाच्या कोपऱ्यात छापूनच ठेवावी.

पायरी ४: खडे ओळखा

कठीणतेच्या मोहस मोजपट्टीवर हिरा १०, माणिक आणि नीलम ९, पुष्कराज (टोपाझ) ८, स्फटिकवर्गातले (क्वार्ट्झ) खडे ७. हवेतल्या धुळीत स्फटिकाचे कण असतात. त्यामुळे ७ पेक्षा मऊ खडा अंगठीत घातला की काही महिन्यांत धूसर होतो. ओपल ५.५ ते ६.५ आणि मोती २.५ ते ४.५ मध्ये येतो. हे कानात किंवा गळ्यात शोभतात. अंगठीत घ्यायचेच असतील तर भोवती उंच कोंदण द्या. पाचूची कठीणता चांगली असली तरी त्यात भेगा असतात आणि त्या बहुधा तेलाने भरलेल्या असतात. म्हणून पाचू, ओपल आणि मोती अल्ट्रासॉनिक यंत्रात, म्हणजे कंपनांनी दागिने साफ करणाऱ्या यंत्रात, घालायचे नाहीत.

पहिली कोंदणं गोल, सपाट तळाच्या, गुळगुळीत घुमटाकार खड्यांवर करा. १० मिलिमीटर खड्याला ०.३ मिलिमीटर शुद्ध चांदीची पट्टी घेतली तर लांबी १०.३ गुणिले ३.१४, म्हणजे ३२.३ मिलिमीटर. पट्टीची उंची घुमटाच्या वळणाच्या किंचित वर जावी. फार उंच ठेवली तर वाकवताना तिला चुण्या पडतात, आणि कमी पडली तर खडा निसटतो. कोंदण खड्यावर तपासताना खड्याखालून दोरा घालून ठेवा, म्हणजे घट्ट बसलेला खडा वर ओढता येतो. खडे बसवण्याचं काम सगळ्यात शेवटी, डाख आणि आम्ल दोन्ही संपल्यावर.

पायरी ५: काय स्वतः करायचं, काय बाहेर द्यायचं

चपटं, पत्र्यातून निघणारं काम बाकावर. गोलाई असलेलं आणि पुन्हा पुन्हा लागणारं काम ओतकामाला. साखळ्या, हूक आणि फिरक्या तयार घ्या. हाताने साखळी विणण्यात गोडी आहे, पण त्या तासांची किंमत कुणी मोजून देत नाही.

ओतकामात मेणाच्या नमुन्याची जागा धातू घेतो, म्हणून आधी मेणाचा नमुना तोला. चांदीसाठी मेणाचं वजन गुणिले साधारण १०.४, १८ कॅरेटसाठी गुणिले १५.५. म्हणजे ०.८ ग्रॅमच्या मेणातून चांदीची सुमारे ८.३ ग्रॅमची अंगठी निघते आणि कानस-पॉलिश झाल्यावर ती ७.५ ग्रॅमच्या आसपास येते. रबरी साच्यातून गेलेला नग मूळ नमुन्यापेक्षा ३ ते ५ टक्के लहान होतो. नेमका आकडा प्रत्येक ओतकाम करणाऱ्याकडे वेगळा पडतो. आधी २० मिलिमीटरची एक साधी चकती ओतून घ्या, मोजा आणि तो फरक पुढच्या सगळ्या नमुन्यांत आधीच मिळवा.

धातू आत जाण्याची नळी नगाच्या सर्वांत जाड भागाला जोडलेली हवी. जाड भाग सर्वांत शेवटी गार होतो आणि आकसताना नळीतून धातू ओढून घेतो. नळी बारीक असेल तर ती आधी गोठते. मग आत पोकळ्या राहतात आणि त्या पॉलिश झाल्यावर सुईच्या टोकाएवढ्या भोकांच्या रूपात वर येतात. असा माल परत करताना नळी कुठे जोडली होती ते विचारा. नुसती तक्रार केली तर पुढच्या वेळीही तेच होतं.

कॅडवर, म्हणजे संगणकावर रेखाटन करून, काम करणाऱ्यांनी फाइल मिलिमीटरमध्ये आणि बंद पृष्ठभागाची द्यावी. कुठेही १.२ मिलिमीटरपेक्षा पातळ भिंत ठेवू नये. पॉलिशनंतर १ उरते. पडद्यावर सगळंच भव्य दिसतं, म्हणून ओतकामाआधी रेझिनची स्वस्त प्रत काढून ती अंगावर घालून बघा.

पायरी ६: पहिला संग्रह लहान ठेवा

दहा ते बारा नग पुरे. त्यात एकच आकार, एकच पृष्ठभाग किंवा एकच जोडणी खेळवा. ग्राहकाला हात ओळखू यायला हवा. निम्मे नग लहान कानातले आणि साध्या अंगठ्या असू द्या, कारण अनोळखी नावावर लोक आधी छोटी रक्कम लावतात. दोन नग मात्र मनासारखे, ठळक. तेच फोटोत उचलून धरतात.

विक्रीआधी प्रत्येक नग वेगवेगळ्या सवयींच्या तीन माणसांना दोन आठवडे घालायला द्या. परत आल्यावर काय बघायचं? कानातलं पुढे कलंडत असेल तर दांडी चकतीच्या मध्यावर बसली आहे, ती वरच्या तिसऱ्या भागात न्या. लॉकेट उलटं होत असेल तर कडी गुरुत्वमध्याच्या फार जवळ आहे किंवा अरुंद आहे. अंगठी बोटाभोवती फिरत असेल तर वरचा भाग जड झाला आहे. खालची पट्टी थोडी रुंद करा. कपड्याचे धागे ओढले जात असतील तर काटे किंवा पाकळ्यांची टोकं नीट गोल झालेली नाहीत.

कानात जाणाऱ्या भागात निकेल टाळा. युरोपीय संघात टोचलेल्या जागी जाणाऱ्या भागांतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटणं मान्य नाही. पितळेवर सोन्याचा मुलामा दिलेल्या मालात बरेचदा मध्ये निकेलचा थर असतो, तेव्हा मुलामा देणाऱ्याला थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये ठरवा. चांदीवर २.५ मायक्रॉन सोनं बरंच टिकतं, अर्धा मायक्रॉन म्हणजे नुसता रंग. अंगठीचा मुलामा तळहाताच्या बाजूने आधी उडतो, हे ग्राहकाला विकतानाच सांगा.

पायरी ७: किंमत

एक नग घेऊ. घटीसह धातू ३० एकक, खडा २०, ओतकाम १०, खोका ५. घडणावळ अडीच तास, तासाला २० प्रमाणे ५०. मग चालू खर्च: जागा, वीज, हत्यारं, विमा, संकेतस्थळ. तो महिन्याला ४८० असेल आणि महिन्यात बाकावरचे खरे तास ८० असतील, तर तासाला ६, म्हणून इथे १५. बेरीज १३०. त्यावर २० टक्के नफा धरून घाऊक किंमत १५६ आणि किरकोळ किंमत दुप्पट, ३१२.

दुप्पट कशाला, असं नवख्यांना वाटतं. समजा तुम्ही स्वतः विकताना २०० लावले. उद्या दुकान निम्मं कमिशन मागेल आणि हातात १०० येतील. खर्च १३० आहे. प्रत्येक विक्रीवर ३० चा तोटा, आणि जुना ग्राहक २०० ची किंमत विसरत नाही. दुकान असो वा स्वतःचं टेबल, किरकोळ किंमत सगळीकडे एकच हवी.

महिन्याचे सगळे तास बाकावरचे धरू नका. फोटो, पत्रव्यवहार, खरेदी, हिशोब यांत निम्मा वेळ जातोच. कानशीचा कीस प्रत्येक धातूसाठी वेगळ्या डबीत ठेवा, वापरलेले पॉलिश पेपरही. चांदी-सोनं मिसळलं की शुद्धीकरणात त्याचा मोबदला घटतो. प्रत्येक नगाची नोंद ठेवा: क्रमांक, सुरुवातीचं आणि शेवटचं वजन, तास, खड्याचं माप, कोणता डाख. दुसरा नग करताना ही नोंद पहिल्या नगाइतकीच मोलाची ठरते.

पायरी ८: विक्री आणि मागणीनुसार काम

फोटोसाठी खिडकीचा आडवा उजेड, समोरून पांढरा पुठ्ठा, तिपाई. एक फोटो पांढऱ्यावर, एक अंगावर, एक मागच्या बाजूचा. अंगावरचा फोटो नसेल तर माप कळत नाही आणि ‘वाटलं त्यापेक्षा लहान आहे’ म्हणून नग परत येतात. चांदी झिप पिशवीत ठेवा. रबरबँड आणि लोकर यांतल्या गंधकाने ती काळी पडते.

दुकानात विक्रीसाठी ठेवायला माल दिला तर नगवार यादीवर दोन्ही सह्या घ्या. कमिशन, पैसे मिळण्याची तारीख, आणि चोरी किंवा तुटीची जबाबदारी कुणाची, हे त्याच कागदावर हवं. तोंडी कराराने माल अडकतो.

मागणीनुसार कामाला निम्मी रक्कम आगाऊ घ्या. सोनं असेल तर धातूची पूर्ण किंमत आणि दर कोणत्या दिवशीचा ते लिहा. रेखाटनात दोन दुरुस्त्या किमतीत धरा, तिसरीपासून वेगळे पैसे. ग्राहकाचा स्वतःचा खडा घेताना भिंगातून बघून भेगा त्याच्यासमोर टिपा. जुना दागिना दुरुस्तीला आला आणि त्यावर करड्या, मऊ डाखाचे ठिपके दिसले तर ज्योत लावू नका. ते शिसं असतं आणि तापल्यावर चांदीला भोकं पाडतं.

शुद्धतेचा ठसा, म्हणजे ९२५, ७५०, ९१६, हा संपूर्ण नगाबद्दलचा लेखी शब्द आहे. काही देशांत अधिकृत हॉलमार्कशिवाय विक्रीच करता येत नाही, तेव्हा पहिल्या विक्रीआधी नियम वाचा. डिझाइनची नोंदणीही अनेक ठिकाणी ते प्रसिद्ध होण्याआधीच करावी लागते. म्हणजे फोटो टाकण्याआधी अर्ज.

शेवटी दुरुस्ती. पहिल्या वर्षी कडी, हूक आणि अंगठीचा साइझ विनामूल्य करून द्या आणि परत आलेल्या प्रत्येक नगाची नोंद त्याच्या क्रमांकापुढे करा. एकाच रचनेचे तीन नग एकाच जागी तुटून आले तर ग्राहकांना सांभाळून वापरायला सांगत बसू नका. त्या जागेची जाडी ०.२ मिलिमीटरने वाढवा, वजन आणि किंमत पुन्हा काढा आणि साचा बदला.